नंबराचं गाव, पाण्याची वारी

पाकिस्तानी पंजाबात फैसलाबादच्या परिसरातली शेकडो गावं आकड्यांनी ओळखली जातात. चक नंबर अमुक आणि पुढे दोन अक्षरं. 1907 साली भगतसिंग जन्मले त्या बंगा गावाची सरकारी ओळख आजही ‘चक नंबर 105 जीबी’ अशीच आहे. चक म्हणजे आखून वसवलेलं गाव आणि जीबी म्हणजे गुगेरा ब्रँच, कालव्याची शाखा. गाव कुणाच्या पाण्यावर जगतं, ते त्याच्या नावातच लिहून ठेवलंय.

दीडशे वर्षांपूर्वी रावी आणि चिनाब यांच्यामधला हा माळ ‘सांदल बार’ म्हणून ओळखला जाई. तिथे गुरं राखणाऱ्या जमाती राहत. 1892 मध्ये चिनाबचा कालवा सुरू झाला. इंग्रज सरकारने माळ चौकोनांत आखला आणि अमृतसर, जालंधर, होशियारपूरकडचे शेतकरी आणून वसवले. गुराख्यांचं रान मात्र गेलं. नव्या गावांत काटकोनातल्या गल्ल्या, मधोमध चौक आणि कडेला गुरांसाठी ‘छप्पड’, म्हणजे तळं. लोहार, सुतार, कुंभार, न्हावीही आले. सुगीला त्यांना धान्य मिळे. या व्यवहाराला पंजाबीत ‘सेप’ म्हणतात. आपल्या बलुत्याचंच ते भावंड.

जमीन कसणाऱ्यांच्या हक्कावर सरकार नव्या कायद्याने गदा आणू लागलं, तेव्हा 1907 मध्ये हीच गावं पेटून उठली. ‘पगडी संभाल जट्टा’ची ती चळवळ. भगतसिंगांचे काका अजितसिंग आणि लाला लजपतराय यांना मंडालेला धाडलं गेलं. पुढच्याच वर्षी लोकमान्यांनाही त्याच मंडालेची वाट धरावी लागली. तो कायदा मात्र व्हाइसरॉयला रोखावा लागला.

या गावांची सगळ्यात मोठी सोय म्हणजे पाण्याची पाळी. पंजाबीत पाळीला ‘वारी’ म्हणतात आणि पाळ्या बांधून देण्याच्या पद्धतीला ‘वाराबंदी’. कालव्याच्या ‘मोघ्या’तून, म्हणजे तोंडातून, पाणी चारीत येतं. आठवड्याचे 168 तास त्या चारीवरच्या शेतांत एकराच्या हिशेबाने वाटले जातात. समजा मोघ्याखाली 400 एकर आहेत, तर 25 एकरवाल्याच्या वाट्याला साडेदहा तास येतात. कोरडी चारी भरण्यात जो वेळ जातो, तोही ‘भराई’ म्हणून धरला जातो. आपल्याकडच्या शेजपाळीत पिकाची गरज पाहून पाणी चालतं. इथे वेळ संपली की पाणी पुढच्याचं. पाळी मध्यरात्री आली तर मध्यरात्री उठायचं.

याच पाण्याने दुखणंही आणलं. कालव्यांचं पाणी जमिनीत मुरून भूजल वर आलं आणि शेतं चिबडली, खारावली. पंजाबी शेतकरी चिबडीला ‘सेम’ आणि खारपटीला ‘थूर’ म्हणतो. पुष्कळ चकांत विहिरीचं पाणी खारट आहे. गोडं पाणी मिळतं ते कालव्याच्या काठावरच्या हातपंपाला, तिथलं पाणी झिरपून आलेलं असतं म्हणून. शेताला पाणी मोजून पोचवणाऱ्या व्यवस्थेने घरच्या घागरीची मोजदाद केली नाही, याची खंत वाटते. ती घागर बहुधा बाईच्याच डोक्यावर असते.

या बाईच्या दारापर्यंत पोचलेली सोय म्हणजे ‘लेडी हेल्थ वर्कर’. 1994 पासून गावातलीच शिकलेली बाई साधारण हजार माणसांमागे नेमली जाते. गरोदरपण, लसीकरण, कुटुंबनियोजन यांबद्दल ती पंजाबीतच बोलते. शाळेत मात्र उर्दू आणि इंग्रजी. देशातल्या सर्वांत मोठ्या भाषकसमूहाची मुलं मातृभाषा लिहायला न शिकताच मोठी होतात. मराठी शाळेत शिकलेल्याला हे वाचून चुटपुट लागेल.

1947 मध्ये या चकांतले शीख आणि हिंदू शेतकरी पूर्वेला निघून गेले आणि पूर्व पंजाबातले मुसलमान निर्वासित त्यांच्या जागी आले. गावांचे नंबर तेच राहिले, मोघे तेच राहिले. आजही रात्री बारा वाजता एक शेतकरी फावड्याने चिखलाचं ढेकूळ काढून ‘नक्का’, म्हणजे चारीतून शेतात पाणी घेण्याची वाट, उघडतो, तेव्हा शेजारी आपला नक्का बंद करत असतो. मोबाइलच्या उजेडात दोघे घड्याळ पाहतात. सरकारने इथे चौकोन आखले, त्या चौकोनांचं गाव केलं ते शेजाऱ्याची वेळ पाळणाऱ्या माणसांनी.