खेळ कधी खटला होतो?



भाषेच्या परीक्षेत एक प्रश्न हमखास येतो : 'नाटककाराने कोणत्या साधनांनी आशय फुलवला आहे, ते स्पष्ट करा.' बरेच जण उपरोध, प्रतीक, स्वगत अशी नावे ओळीने लिहितात आणि थांबतात. नावे बरोबर असतात, पण उत्तर अपुरे राहते. रायफलचे भाग पाठ म्हणणे वेगळे आणि ते भाग मिळून गोळी कशी सुटते हे सांगणे वेगळे. इथेही तोच फरक आहे. हा फरक एका नाटकाच्या आधाराने पाहू.

नाटक आहे विजय तेंडुलकरांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे'. १९६७ मध्ये 'रंगायन' या संस्थेने ते रंगमंचावर आणले. दिग्दर्शन अरविंद देशपांडे यांचे होते आणि लीला बेणारेची भूमिका सुलभा देशपांडे यांनी केली. विलेपार्ल्याला अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करायला निघालेल्या एका हौशी मंडळींचे बोलणे तेंडुलकरांच्या कानावर पडले आणि त्यातून या नाटकाची कल्पना सुचली. आपल्या पंचकुला-चंडीगड भागात मराठी पुस्तक सहज मिळत नसेल, तर 'खामोश! अदालत जारी है' हा हिंदी अनुवाद शोधा. तुमच्या इथल्या मित्रांनाही तो वाचता येईल.

कथा थोडक्यात अशी. मुंबईची एक हौशी मंडळी खेडेगावात रात्रीच्या प्रयोगासाठी येते. प्रयोगात अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांच्यावर अण्वस्त्रांबद्दल खटला चालायचा आहे. हातात वेळ आहे आणि गावातल्या भोळ्या सामंतला कोर्टाचे काम समजावून द्यायचे आहे. म्हणून सगळे ठरवतात की आधी गंमत म्हणून एक खोटा खटला चालवू. मंडळीतल्या शिक्षिका लीला बेणारे हात-तोंड धुवायला आत गेलेल्या असतात. त्या बाहेर येतात तेव्हा त्यांनाच आरोपी ठरवलेले असते. आरोप भ्रूणहत्येचा. हळूहळू खेळातले प्रश्न त्यांच्या खऱ्या, खासगी आयुष्यात शिरतात. त्या अविवाहित आहेत आणि त्यांना दिवस गेलेले आहेत, हे सर्वांसमोर उघडे केले जाते.

आता साधने पाहू.

पहिले साधन म्हणजे नाटकातले नाटक. खोटे कोर्ट असल्यामुळे प्रत्येकाला एक आडोसा मिळतो. कुणी काहीही बोलले तरी 'अहो, हा तर खेळ!' असे म्हणून हात झटकता येतात. जे एरवी तोंडावर बोलायची हिंमत झाली नसती, ते पिंजऱ्याच्या आडून बोलले जाते. गमतीच्या नावाखाली क्रूरपणा किती सोपा होतो, हा नाटकाचा आशय या रचनेतूनच उभा राहतो.

दुसरे साधन उपरोध. वकिलीत न चाललेले सुखात्मे इथे फिर्यादीचे वकील आहेत आणि बचावाचेही तेच. न्यायाधीश काशीकर स्वतःच साक्ष द्यायला पुढे येतात. सामंत तर हातातल्या कादंबरीचा आधार घेऊन साक्ष रचतो आणि ती रचलेली साक्षच नेमकी वर्मी लागते. सर्वांत मोठा उपरोध निकालात आहे. भ्रूणहत्येचा आरोप ठेवून सुरू झालेले कोर्ट शेवटी काय फर्मावते? बेणारे जगतील, पण त्यांच्या पोटातला जीव नष्ट केला जावा. ज्या गुन्ह्यासाठी खटला भरला, तोच गुन्हा शिक्षा म्हणून सुनावला जातो. न्यायाची भाषा आहे, न्याय नाही, हे सांगायला तेंडुलकरांना भाषणाची गरज पडत नाही.

तिसरे साधन प्रतीक. सुरुवातीलाच दाराच्या कडीत बेणारेंच्या बोटाला इजा होते. कडी नीट सरकवली नाही तर दार बाहेरून लागते, हे सामंत तेव्हाच सांगतो. आपण ते विसरून जातो. पुढे छळ असह्य होऊन त्या पिशवी घेऊन निघतात, तेव्हा तेच दार उघडत नाही. साधी कडी आता सापळ्याची खूण झालेली असते. सामंतने पुतण्यासाठी घेतलेला हिरवा कापडी पोपटही तसाच. शेवटी सगळे निघून जातात आणि निपचित पडलेल्या बेणारेंजवळ तो हळूच पोपट ठेवतो. एवढीच काय ती माया.

चौथे साधन स्वगत. बचावासाठी आरोपीला दहा सेकंद मिळतात. इतर पात्रे गोठतात आणि बेणारे मन मोकळे करतात. ते आपण प्रेक्षक ऐकतो, कोर्ट मात्र ऐकत नाही. स्वगत संपताच कामकाज जणू काही घडलेच नाही असे पुढे चालू होते. आता शीर्षक पुन्हा वाचा. 'शांतता!' ही आज्ञा एकाच व्यक्तीला लागू झालेली दिसते. ज्यांच्यामुळे बेणारेंवर ही वेळ आली ते प्राध्यापक दामले रंगमंचावर येतच नाहीत. त्यांना कुणी खऱ्या अर्थाने जाब विचारत नाही.

तेव्हा उत्तर लिहिताना तीन पायऱ्या ठेवा : साधन कोणते, ते कोणत्या प्रसंगात आले, आणि त्यामुळे आशय कुठवर पुढे गेला. तिसरी पायरी गाळली की उत्तर यादी होऊन बसते.

पण हे नाटक केवळ गुणांसाठी वाचू नका. लष्करी न्यायालयातही आरोपीला बचाव अधिकारी मिळतो आणि त्याची बाजू ऐकून घेतली जाते. वसतिगृहात रात्री दिवे मालवल्यावर भरणाऱ्या 'गमतीच्या कोर्टात' मात्र बचाव अधिकारी नसतो. कुणाच्या उच्चारावरून, कुणाच्या घरच्या परिस्थितीवरून, कुणाच्या पत्रावरून खटला चालतो. दहा जण हसतात, एक जण गप्प असतो. पालकहो, सुटीत घरी आलेला मुलगा काही विषयांवर एकदम गप्प होत असेल, तर ती शांतताही जरा ऐका.

आणि कॅडेट मित्रांनो, त्या खोलीत तुम्ही असाल तेव्हा एकच करा. खेळ थांबवा आणि दाराची कडी काढा.