ऐंशी मिनिटांचं लग्न

माझ्या कपाटात दोन सीड्या आहेत. वर मार्करने लिहिलंय: 'लग्न, मारुंजी, 2004, भाग 1' आणि 'भाग 2'. चुलतभावाचं लग्न. मंडप घराशेजारच्या वावरातच पडला होता आणि पलीकडे हिंजवडीत राजीव गांधी इन्फोटेक पार्कच्या इमारती एकेक करून उभ्या राहत होत्या. देवकापासून वरातीपर्यंत शूटिंगवाल्याने एकेका तासाच्या चार कॅसेटी भरल्या. महिन्याभराने हाती आल्या त्या या दोन सीड्या, जेमतेम अडीच तासांच्या.

चार तासांचे अडीच तास करणं हा त्यातला सोपा भाग. खरी अडचण वजनाची होती. मिनी डीव्ही कॅसेटवरचं एका तासाचं चित्रण कॉम्प्युटरवर उतरवलं, की साधारण 13 जीबी जागा खायचं. चार कॅसेटींचे झाले पन्नासच्या वर. त्यात हार्ड डिस्क जुन्या फॅट-32 पद्धतीने फॉरमॅट केलेली असली, तर 4 जीबीपेक्षा मोठी फाइल तिला चालत नसे. एकोणिसाव्या मिनिटाच्या आसपास कॅप्चर तुटायचं आणि शूटिंगवाला कॅसेट मागे घ्यायचा. एवढं सगळं जायचं कुठे, तर 700 एमबीच्या चकतीवर.

या कामाचे नियम 1993 साली ठरले. सोनी, फिलिप्स, मात्सुशिता आणि जेव्हीसी या कंपन्यांनी व्हिडिओ सीडीचं माप आखून दिलं. आपल्याकडच्या पाल पद्धतीत चित्र 352 बाय 288 ठिपक्यांचं, सेकंदाला 25 चौकटी. चित्राला सेकंदाला 1150 किलोबिट, आवाजाला 224. कॅसेटवरचं चित्र 720 बाय 576 असायचं, म्हणजे ठिपके पहिल्याच फटक्यात चौपटीने कमी. उरलेलं काम चित्र आवळणाऱ्या एमपेग-1 या पद्धतीचं: आधीच्या चौकटीत जे होतं ते पुन्हा लिहायचं नाही, फक्त बदल नोंदवायचा. नवरीच्या मागचा पडदा हलत नाही ना, मग तो एकदाच लिहायचा.

सीडीने स्वतःही थोडी जागा काढून दिली, तिची किंमत मात्र लपलेली होती. 700 एमबीच्या, म्हणजे 80 मिनिटांच्या चकतीवर 3,60,000 कप्पे असतात. साधी फाइल लिहिताना प्रत्येक कप्प्यात 2048 बाइट मजकूर आणि 276 बाइट दुरुस्तीची शिदोरी ठेवतात, ओरखडा पडला तर मजकूर पुन्हा जुळवता यावा म्हणून. व्हिडिओ सीडीने ही शिदोरी सोडून दिली आणि तीही जागा चित्राला दिली. आवाजाच्या सीडीला असतं ते प्राथमिक संरक्षण तेवढं उरलं. हिशेब असा, की चित्रात एखादा ठिपका चुकला तर कोण बघतंय? म्हणून 700 एमबीच्या चकतीवर 800च्या घरातलं चित्रण मावायचं. ही उचल होती, आणि फेडायची वेळ पुढे येणारच होती.

मिक्सिंग म्हणजे कापाकापी. चिंचवडला एका जिन्याखालच्या खोलीत शूटिंगवाला बसायचा. चुलत्यांबरोबर, म्हणजे नानांबरोबर, मीही तिथे गेलो होतो. पंगत लांबलेली, वरात लांबलेली, आणि पुढाऱ्यांचे सत्कार तर संपता संपत नव्हते.

"नाना, हे सत्कार थोडे कमी करू का? तेवीस मिनिटं होतायत."

"बाकी काय पण काप. त्याला हात लावू नको. उद्या माणसं विचारतील."

शूटिंगवाल्याने मान डोलावली. त्याला सत्काराचा तसा त्रास नव्हताच. शाल घेऊन उभा राहिलेला माणूस हलत नाही. मशीनला असा माणूस फार आवडतो. त्याला धास्ती होती अक्षतांची.

अंतरपाट दूर होतो, 'सावधान'चा शेवटचा गजर होतो आणि मांडवभर रंगीत तांदूळ उडतात. हजारो दाणे, प्रत्येकाची दिशा वेगळी, मागून हलणारे शेकडो हात. आधीच्या चौकटीतलं काहीच कामाला येत नाही. चित्राचे 16 बाय 16 ठिपक्यांचे 396 चौकोन असतात आणि 1150 किलोबिटच्या हिशेबात एका चौकोनाच्या वाट्याला सरासरी पंधरा बाइटही येत नाहीत. पडदा निवांत असताना ते पुरतात. अक्षता उडाल्या की मशीन हात टेकतं आणि चित्राचे चौकोन पडतात. ज्या क्षणासाठी सगळा खटाटोप, तोच क्षण मावत नाही.

बिटरेट, म्हणजे सेकंदाचे किलोबिट, वाढवावा, तर स्वस्तातले प्लेअर अडखळतात. मग कारागीर आपली युक्ती काढायचा. अक्षतांना स्लो मोशन द्यायचा, कारण तीच चौकट पुन्हा आली की मशीनला थोडी उसंत मिळते. नाहीतर चित्र जरा मऊ करून मगच एन्कोडरला द्यायचा. गिऱ्हाइकाला ती सजावट वाटे.

एन्कोडिंग रात्रभर चालायचं, आणि गावाकडे रात्रही विजेची असेल असं नव्हतं. भारनियमनात चकती लिहिताना मध्येच लाइट गेली की लिहिणं अर्धवट, आणि एकदा लेझरने भाजलेला रंग परत कोरा होत नाही. चकती वाया. ती मग दाराला तोरणात लटकायची.

आणखी एक शहाणपण अनुभवाचं. सीडी आतून बाहेर लिहिली जाते. कडेला बोटं लागतात, ओरखडे तिथेच जास्त. म्हणून जाणता माणूस 80 मिनिटं भरायचा नाही, पंचाहत्तरला थांबायचा, आणि मोलाचा भाग आतल्या बाजूला ठेवायचा. आमच्या शूटिंगवाल्याने भाग 1 सत्कारांवर संपवला आणि भाग 2 अंतरपाटापासून सुरू केला.

पुढे 4.7 जीबीची डीव्हीडी आली. 2007 साली चकत्या बनवणाऱ्या मोझर बेअर कंपनीने सिनेमाची व्हिडिओ सीडी 28 रुपयांना आणि डीव्हीडी 34ला आणली. सहा रुपयांच्या फरकासाठी कोण चौकोन बघणार? मग पेनड्राइव्ह, मग फोन. 2018 मध्ये मोझर बेअरच अवसायनात गेली.

गेल्या दिवाळीत आत्या म्हणाली, "ती सीडी फोनवर घालून दे रे." बाहेरून जोडायचा ड्राइव्ह मागून आणला. भाग 2 सरळ उतरला. अक्षता आल्या, चौकोनाचौकोनांच्या, आणि त्या चौकोनांत आत्याने सहा माणसं नावानिशी ओळखली. त्यातली चार आता नाहीत.

भाग 1 मात्र शेवटाकडे अडकला. तीनदा प्रयत्न केला, तीनदा कॉपी तिथेच थांबली. शिदोरी नव्हती, जुळवणार कशातून? शाल खांद्यावर टेकते आहे आणि चित्र थिजलं आहे. वाया गेलं ते सगळं त्या तेवीस मिनिटांतलं, ज्याला नानांनी हात लावू दिला नव्हता.