रुची जिभेची की नाकाची?

पडशाने नाक चोंदले म्हणजे एरवी आवडीचा वरणभातही मातीसारखा लागतो. अशा वेळी ‘तोंडाला चव नाही’ असे म्हणून आपण बिचाऱ्या जिभेला दोष देतो. वस्तुतः जीभ आपले काम चोख करीत असते. कामावर गैरहजर असते ते नाक!

हे पडताळून पाहावयाचे असेल, तर संत्रे, लिंबू व अननस यांच्या स्वादाच्या गोळ्या घ्या. डोळे मिटा, नाक घट्ट दाबून धरा आणि मित्राला त्यांतील कोणतीही एक गोळी तुमच्या तोंडात घालावयास सांगा. गोळी गोड-आंबट आहे एवढे कळेल; ती कोणत्या फळाची हे सांगणे मात्र फार अवघड जाईल. आता नाक सोडा. उत्तर आपोआप मिळेल.

असे का व्हावे? जिभेवरील रुचिकलिकांना गोड, आंबट, खारट व कडू या चवी समजतात. पाचवी चव आहे उमामी. किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने १९०८ मध्ये समुद्रशैवालाच्या कढणातून तिचा शोध लावला. पिकलेल्या टोमॅटोतही ती असते. जिभेची मिळकत जवळजवळ एवढीच! नाकाची श्रीमंती पाहा : तेथे गंध टिपणारी सुमारे ४०० प्रकारची ग्राहके आहेत. आपण घास चावतो तेव्हा त्याचा गंध घशामागच्या वाटेने नाकात चढतो. जीभ व नाक या दोघांची वार्ता मेंदू एकत्र करतो आणि सारे श्रेय तोंडाला देऊन टाकतो.

मग तिखटाचे काय? आपल्या पूर्वजांनी षड्रसांत त्याची गणना केली. परंतु मिरची चेतवते ते उष्णतेची सूचना देणारे ज्ञानतंतू. ‘तोंड भाजले’ हे म्हणणे मेंदूच्या दृष्टीने अगदी खरे आहे.

२०२० मध्ये कोविडच्या साथीत असंख्य लोकांचा गंध हरपला. जेवणाची गोडी तर गेलीच. पण दूध करपले, अन्न विटले, हेही त्यांना कळेना. गंध न येणे किती घातक ठरते, याची एक करुण कथा अमेरिकेतील आहे. टेक्सास राज्यातील न्यू लंडन या गावी १८ मार्च १९३७ रोजी शाळेच्या इमारतीखाली नैसर्गिक वायू साचला. त्याला वास नसल्याने कोणालाच चाहूल लागली नाही. स्फोट झाला आणि सुमारे ३०० जण प्राणास मुकले; त्यांत बहुतेक मुलेच होती. त्यानंतर तेथे अशा वायूत दुर्गंधी द्रव्य मिसळण्याचा कायदा झाला. आपल्या स्वयंपाकघरातील गॅसला येणारा उग्र वासही असाच मुद्दाम मिसळलेला असतो.