घाटनांदूर लिहून पाहा

स्टेशनरीच्या दुकानात पेन घेताना बहुतेक गिऱ्हाइके एकच करतात. काउंटरवरच्या कागदाच्या कपट्यावर भराभर गोल गिरवायचे, शाई उतरली की पैसे द्यायचे. पेन चालू करायला ही युक्ती चांगली आहे, पण पारखायला ती जवळजवळ निरुपयोगी आहे. बॉलपेनच्या टोकाशी पितळेच्या किंवा पोलादाच्या खोबणीत बहुधा टंगस्टन कार्बाइडचा बारीक गोळा बसवलेला असतो. तो कागदावर लोळला की मागच्या कांडीतली दाट, तेलकट शाई त्याच्या अंगाला लागून खाली येते. लोळणे थांबले की शाईही थांबते. लास्लो बिरो या हंगेरियन पत्रकाराने १९३८ साली पेटंट घेतले ते याच रचनेचे, आणि पाच रुपयांच्या पेनातही मूळ कल्पना तीच आहे. गोल गिरवताना गोळा एकदाही थांबत नाही, म्हणून त्याला सगळ्यांत सोपे काम दिले जाते. अवघड काम असते पहिला ठिपका उमटवणे, टोक उचलून पुन्हा टेकवणे आणि रेघ जिथल्या तिथे संपवणे. मराठी लिहिताना नेमके हेच सारखे करावे लागते.

मोडी लिपीची गोष्ट वेगळी होती. तिच्यात आधी कागदभर आडवी रेघ ओढून घेत आणि मग हात शक्य तितका न उचलता तिच्याखाली अक्षरे वळवत जात. आज मोडी चालती असती, तर दुकानातली गोल गिरवण्याची परीक्षा बरीचशी पुरली असती. आपण लिहितो ती बाळबोध देवनागरी, आणि तिच्यात टोक सतत उचलावे लागते. काना वेगळा, वेलांटी वेगळी, उकार वेगळा, शेवटी शिरोरेघ वेगळी. त्यात अनुस्वार हा बॉलपेनचा खरा शत्रू आहे. ठिपका देताना गोळा लोळतच नाही, त्याच्या अंगावर आधीपासून असेल तेवढीच शाई कागदाला लागते. पेन कमी प्रतीचे असेल तर टिंब उमटत नाही, मग लिहिणारा टोक दाबतो, आणि कागदावर शाईऐवजी नुसता खळगा पडतो. वहीत हे चालून जाईल. वाटणीच्या कागदावर मात्र ‘त्याचा हिस्सा’ आणि ‘त्यांचा हिस्सा’ यांत फरक फक्त त्या टिंबाचा असतो.

म्हणून पेन पारखायला मला एक नाव फार उपयोगी वाटते. अंबाजोगाई तालुक्यातले घाटनांदूर परळी ते विकाराबाद या मार्गावरचे रेल्वेस्थानक म्हणून मराठवाड्यात परिचित आहे. हे नाव सुटे आणि नीट लिहायला टोक सुमारे दहा वेळा उचलावे लागते. पहिलेच अक्षर घ. घ आणि ध यांतला भेद डोक्यावरची रेघ सलग आहे की तुटलेली यावर ठरतो, शिवाय ध ला गाठ असते. म आणि भ यांचेही तसेच. टोक जाड असेल किंवा शाईचा लपका पडत असेल, तर ती फट बुजते आणि वाचणाऱ्याला अंदाज करावा लागतो. पुढे नां वरचा अनुस्वार, द खालचा दीर्घ उकार, आणि शेवटी पाच अक्षरांवरून जाणारी लांब शिरोरेघ. अनुस्वार न दाबता उमटला, उकाराच्या वळणात शाई साचली नाही, शिरोरेघ सुरुवातीपासून सलग उठली, की पेनाने मराठीचे काम केले. पेन क्षणभर बाजूला ठेवून नाव पुन्हा लिहावे, कारण दुसऱ्या वेळचे पहिले अक्षर कोरडे निघते का, हे त्या वेळीच कळते. दुकानदाराची दोन मिनिटे जातील, पण तीन महिन्यांचा त्रास वाचेल. तपासायचा कागदही आपल्या वहीसारखा असावा. गुळगुळीत कागदावर गोळा लोळण्याऐवजी घसरतो आणि चांगले पेनही खोटे ठरते.

जाडीच्या आकड्याबद्दल पुष्कळ गैरसमज आहेत. पेनावरचा ०.७ हा आकडा गोळ्याचा व्यास मिलिमीटरमध्ये सांगतो, रेघेची जाडी नव्हे. बॉलपेनची रेघ त्याच्या साधारण निम्म्याच्या आसपास उमटते. जेलची शाई पातळ असल्याने ती जास्त पसरते, म्हणून ०.५ चे जेल आणि ०.७ चे बॉलपेन यांच्या रेघा बऱ्याचदा सारख्याच दिसतात. एकेरी रेघांच्या वहीत जोडाक्षरे भरून लिहायची असतील, तर बॉलपेनमध्ये ०.७ किंवा त्याहून थोडे बारीक टोक घ्यावे. १.० चे टोक सही करायला छान वाटते, पण ‘राष्ट्रीय’ लिहिताना तेच टोक अक्षराचे पोट भरून टाकते.

इथे विद्यार्थी म्हणतील, एवढा खटाटोप कशाला, जेल घ्या, अनुस्वार आपोआप उमटतो. हा आक्षेप खोटा नाही. जेलची शाई पाण्यावर आधारलेली असते, तिला दाब फार कमी लागतो, आणि तीन तासांच्या बोर्डाच्या पेपरात हात कमी दुखतो. परीक्षेसाठी जेल निवडणाऱ्याला मी चूक म्हणणार नाही. रोजच्या लिखाणाचे गणित मात्र वेगळे आहे. जेलची कांडी बॉलपेनच्या कांडीच्या आधी संपते, पातळ पानाच्या मागच्या बाजूला शाई दिसते, आणि मार्चपासून घामेजलेला तळहात ओल्या ओळीवरून फिरला की ती पुसट होते. शिवाय आडत दुकानात आणि कृषी सेवा केंद्रात अजून कार्बन ठेवून पावती फाडतात. खालच्या प्रतीवर अक्षर उमटायला दाब द्यावा लागतो, आणि तो दाब बॉलपेनच पेलते. उन्हाळ्याची तक्रार बॉलपेनलाही लागू आहेच. बीड जिल्ह्यात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, शाई सैल होते, खोबणीच्या कडेला साचते आणि वळणावर लपका टाकते. थंडीच्या पहाटे तीच शाई घट्ट होऊन उशिरा उठते. त्यामुळे जानेवारीत मनासारखे निघालेले पेन मेमध्ये निराश करू शकते. डझनाची पेटी एकदम घेण्याआधी एक पेन त्या ऋतूत वापरून पाहावे, मग छाप कुठलीही असो. झाकणाच्या वरच्या टोकाला भोक आहे का तेही बघावे. लहान मुलाच्या घशात झाकण अडकले तर श्वासाला वाट राहावी म्हणून ते ठेवलेले असते.

आता रंगाचे. निळाच का घ्यावा? राज्य मंडळाच्या उत्तरपत्रिकेत निळी आणि काळी दोन्ही चालतात. धनादेशासाठी रिझर्व्ह बँकेने विशिष्ट रंगाची सक्ती केलेली नाही. शाई टिकाऊ असावी आणि स्कॅनमध्ये नीट उमटावी एवढी बँकेची अपेक्षा आहे. तरीही निळ्याला एक भक्कम कारण आहे. झेरॉक्स काळी निघते, म्हणून निळ्या सहीवरून मूळ कागद कोणता ते चटकन ओळखू येते. रंगीत झेरॉक्सने हा फायदा कमी केला, पण तालुक्याच्या कचेऱ्यांभोवतालच्या दुकानांत प्रती अजून बहुतांशी काळ्याच निघतात. त्यासाठी निळा गडद हवा, कारण फिका निळा यंत्राला नीट दिसत नाही. एक अपवाद मात्र लक्षात ठेवावा. ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या ओएमआर पत्रिकेवरची वर्तुळे काळ्या बॉलपेनने भरावी लागतात. लातूरला शिकवणीला जाणाऱ्या मुलांनी सरावही काळ्यानेच करावा.

काळी शाई जास्त टिकते, हा समजही तपासून घेण्यासारखा आहे. जुन्या पोथ्या आणि दप्तरे लिहिली गेली ती बहुतेक काजळाच्या शाईने, आणि काजळ म्हणजे कार्बन, तो उन्हाने उडत नाही. बाजारातल्या काळ्या बॉलपेनमध्ये काजळ असेलच असे नाही. पुष्कळदा तेही निळ्याप्रमाणे रंगद्रव्यांचे मिश्रण असते, आणि त्यातली जांभळी द्रव्ये उजेडात विटतात. म्हणजे टिकण्याचा प्रश्न रंगाचा नाही, घटकांचा आहे. पाच-दहा रुपयांच्या वस्तूवर एवढा विचार कशाला, असे कुणी विचारील, तर याच भागातले उत्तर देता येते. २०२३ साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीसाठी मराठवाड्यात मराठा-कुणबी दाखल्यांसाठीच्या नोंदी शोधायला निजामकाळातले कागद चाळले गेले आणि मोडी व उर्दू जाणणाऱ्यांकडून ते वाचून घेतले गेले. त्या काळी अशी नोंद ही रोजची, किरकोळ कारकुनी बाब होती. लिहिणाऱ्याला तिचे पुढचे मोल ठाऊक नव्हते, तरी पुढे घरोघरचे लोक त्या ओळींची वाट पाहत होते. अंबाजोगाईला तर संतकवी दासोपंतांची पासोडी आहे. त्यांना रोज ढबू पैशाची शाई लागे अशी आख्यायिका सांगतात, आणि कापडावरचे ते लेखन चारशे वर्षांनंतरही जतन केलेले आहे.

वही, हिशेब, यादी, गृहपाठ यांना साधे गडद निळे बॉलपेन उत्तम. ज्या कागदाचे आयुष्य मोठे आहे, त्याच्यासाठी मात्र घरात एक वेगळे पेन ठेवावे. वेष्टनावर बॉलपेनसाठी आयएसओ १२७५७-२ किंवा जेलसाठी आयएसओ २७६६८-२ असा उल्लेख असेल, तर ती शाई दस्तऐवजासाठी असते आणि पाणी, उजेड, खोडरबर व रसायने यांपुढे कितपत टिकते याच्या कसोट्या तिला लागू असतात. खोडता येणाऱ्या शाईची पेने या कामासाठी घरातही आणू नयेत, कारण त्यातल्या काहींची शाई ६० अंशांच्या आसपास तापली की दिसेनाशी होते. खरेदीखत, वाटणीपत्र, फेरफाराचा अर्ज यांवर सही करताना ते वेगळे पेनच बाहेर काढावे. एरवी ते कुणाच्या हाती देऊ नये, म्हणजे तलाठ्यासमोर कांडी रिकामी निघून शेजाऱ्याचे पेन मागायची वेळ येणार नाही.