मतदाराची परीक्षा घ्यायची तर पेपर कोण काढणार?

निवडणूक जवळ आली की ईटच्या बाजारात, चहाच्या टपरीवर, सोसायटीच्या ओट्यावर एक वाक्य हमखास कानावर पडते. "अडाण्याला अन् शिकलेल्याला एकच मत, हे काही बरोबर नाही. मत टाकायच्या आधी परीक्षाच घ्यायला पाहिजे." असे म्हणणारा बहुधा शिकलेला असतो, पण दरवेळी नाही. मध्यंतरी बचत गटाच्या बैठकीत एका मावशींनीही तेच म्हटले. त्यांचे कारण वेगळे होते. "आदल्या रात्री पाकीट येतं अन् सकाळी सगळे एका रांगेत जातात. ज्याला काही कळत नाही त्यानं जाऊच नाही, साहेब."

ही तक्रार खोटी नाही. कामानिमित्त गावोगाव फिरताना रोज दिसते की लोक आमदाराकडे गटार मागतात आणि सरपंचाला पीक विम्याचे विचारतात. 1 रुपयात पीक विमा 2023 च्या खरिपात आला आणि 2025 च्या खरिपापासून गेला. दोन्ही निर्णय राज्य सरकारचे. पण बोलणी खाल्ली ती गावातल्या सेवा केंद्रवाल्याने, आणि थोडी आम्ही कृषी खात्याच्या लोकांनी. निर्णय कोणी घेतला हेच ठाऊक नसेल तर पाच वर्षांनी जाब कोणाला विचारणार? तेव्हा परीक्षेची कल्पना नुसती हसण्यावारी नेऊ नये. ती कुठे चालली, कशी चालली आणि तिचे काय झाले, हे पाहावे.

लांब जायला नको. शेजारच्या बार्शीचे उदाहरण आहे. स्वातंत्र्यापूर्वी आपला भूम-परंड्याचा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि बार्शी इंग्रजांच्या सोलापूर जिल्ह्यात. 1935 च्या कायद्याप्रमाणे 1937 मध्ये मुंबई प्रांतात निवडणुका झाल्या, तेव्हा मत सगळ्यांना नव्हते. ठराविक सारा किंवा कर भरणारा, नाहीतर ठराविक परीक्षा पास झालेला, अशांचीच नावे यादीत. बायकांना नवऱ्याच्या मालमत्तेवर किंवा लिहिता-वाचता येते म्हणून मत मिळे. साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात मिळून मतदार सुमारे 3 कोटी, म्हणजे लोकसंख्येच्या 14 टक्क्यांच्या आसपास. ज्याच्याकडे जमीन, पैसा किंवा सर्टिफिकेट, तो शहाणा. त्याच्या रानात राबणारा गडी मात्र राज्यकारभाराच्या हिशेबात नव्हताच. शिवेच्या अलीकडे, आपल्याकडे, तर लोकांना जबाबदार असे सरकारच नव्हते.

या अटींना त्याच काळात उत्तर मिळाले होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1919 मध्ये साउथबरो समितीपुढे साक्ष दिली आणि पुढे सायमन कमिशनच्या वेळी, 1929 च्या आपल्या स्वतंत्र अहवालात, प्रौढ मतदानाची मागणी केली. साक्षरतेची अट घालणारे दोन चुका करतात, असे त्यांचे म्हणणे होते. निरक्षर माणूस बुद्धीने कमी असतो असे ते धरून चालतात, ही पहिली. अक्षरओळख झाली की शहाणपण आपोआप येते असे मानतात, ही दुसरी. बाबासाहेबांइतके शिकलेले लोक त्या काळी देशात किती होते? शिक्षणाची किंमत त्यांना कोणी सांगायला नको होती. तरी त्यांनी शिक्षणाला मताच्या दारात पहारेकरी म्हणून उभे केले नाही.

स्वातंत्र्यानंतर घटनेच्या कलम 326 ने प्रौढ मतदान आले. तेव्हा वय 21 होते, 1989 पासून 18 झाले. 17 सप्टेंबर 1948 ला संस्थान संपले आणि 1951-52 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत बार्शीच्या आणि भूमच्या शेतकऱ्याला एकाच वेळी मत मिळाले. आज दोघे उस्मानाबाद या एकाच लोकसभा मतदारसंघात आहेत.

त्या पहिल्या निवडणुकीत देशात 17 कोटींवर मतदार होते. 1951 च्या जनगणनेत साक्षर होते फक्त 18 टक्के. म्हणून प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी ठेवली आणि तिच्यावर चिन्ह लावले. वाचता येत नाही म्हणून मत काढून घेतले नाही, तर मत देण्याची रीत वाचता न येणाऱ्याला जमेल अशी केली. शेतीत आम्ही यालाच जमीन बघून अवजार निवडणे म्हणतो. तरीही सुमारे 28 लाख बायांची नावे यादीतून गळाली. नाव विचारल्यावर त्यांनी अमक्याची बायको, तमक्याची मुलगी एवढेच सांगितले, आणि निवडणूक आयोगाने तशी नावे धरली नाहीत. त्या बाया कोणत्या परीक्षेत नापास झाल्या नव्हत्या. स्वतःचे नाव परक्यापुढे घेण्याची रीत त्यांच्यात नव्हती, एवढेच.

खरीखुरी लेखी-तोंडी परीक्षा झाली ती अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत. मतदार यादीत नाव घालायला गेले की तिथला अधिकारी घटनेतले कलम वाचायला लावी आणि अर्थ सांगायला सांगे. अर्थ बरोबर की चूक, हे तोच ठरवी. गोऱ्याला सोपे कलम, काळ्याला अवघड. लुइझियाना राज्याने 1898 मध्ये तर कमाल केली. 1867 च्या आधी ज्याच्या बापाला किंवा आजाला मताचा हक्क होता, त्याला परीक्षा माफ! त्या आधी काळे लोक गुलाम होते, तेव्हा आजाला मत कुठून असणार? ही आजोबांची सवलत तिथल्या सुप्रीम कोर्टाने 1915 मध्ये बेकायदा ठरवली, पण परीक्षा चालूच राहिली. 1965 च्या कायद्याने ती थांबली. मिसिसिपी राज्यात त्या आधी काळ्या लोकांपैकी 7 टक्क्यांच्या आसपास लोकांचीच नावे यादीत होती. 1967 पर्यंत तो आकडा 60 टक्क्यांजवळ गेला. दोन वर्षांत सगळे एकदम शहाणे झाले काय? माणसे तीच होती, फक्त पेपर काढणाऱ्याच्या हातातला पेन गेला.

खरा मुद्दा हाच आहे. पेपर कोण काढणार आणि तपासणार कोण? गेल्या उन्हाळ्यात खरिपाच्या बैठकीनंतर पारावर बसलो असता मी सहज काही प्रश्न टाकले. गावाचे नाव लिहीत नाही. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या एका पोराने राष्ट्रपती, राज्यसभा, घटनादुरुस्ती, सगळे धडाधड सांगितले. पण ओढ्यावरच्या बंधाऱ्याच्या दुरुस्तीचा ठराव कधी झाला हे त्याला माहीत नव्हते. शेळ्या घेऊन तिथेच टेकलेल्या आबांना राष्ट्रपतींचे नाव येईना. "ते नाही ठाऊक बगा. पर त्या बंधाऱ्याला दोनदा पैसा लागला अन् पाणी एकदाबी थांबलं न्हाई." आबांना सगळे ठाऊक होते असेही नाही. वित्त आयोगाचा निधी थेट ग्रामपंचायतीच्या खात्यात येतो, हे त्यांना काही केल्या पटेना. आता या दोघांत पास कोण? गुरुजींनी पेपर काढला तर पोरगा, मी काढला तर आबा, आणि बंधाऱ्याच्या ठेकेदाराने काढला तर बंधाऱ्याचा प्रश्नच पेपरात येणार नाही.

मतदाराला परीक्षा नाही, पण उमेदवाराला ती आपल्याकडे आलेली आहे. 2017 च्या दुरुस्तीने सरपंच थेट जनतेतून निवडायचे ठरले, तेव्हा 1 जानेवारी 1995 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या उमेदवाराला सातवी पासची अट आली. थेट निवड 2020 मध्ये रद्द झाली आणि 2022 मध्ये परत आली. हरियाणाने 2015 मध्ये पंचायत उमेदवारांना याहून कडक अटी घातल्या, सर्वसाधारण पुरुषांना दहावी पास. सुप्रीम कोर्टाने 10 डिसेंबर 2015 ला त्या मान्य केल्या. राजस्थानने मात्र अशाच अटी घालून 2019 मध्ये काढून टाकल्या. सरपंचाला कॅशबुक आणि नमुने वाचता यावेत, यात गैर काही वाटत नाही. सही करून फसलेले सरपंच आपण पाहिलेत. पण ऊसतोडीला जाणाऱ्या घराचाही विचार करा. भूम-वाशीकडून आणि शेजारच्या बीड जिल्ह्यातून टोळ्या दिवाळीच्या सुमारास निघतात त्या उन्हाळा लागता परततात. सोबत गेलेल्या पोरीची शाळा कोपीवर सुटते. पुढे तिला सरपंच व्हायचे तर सातवीचा दाखला आड येतो. उद्या मतालाही परीक्षा लावली तर तीच पोरगी दुसऱ्यांदा अडणार. तसेही या लोकांचे मत हुकते. 2024 च्या विधानसभेचे मतदान 20 नोव्हेंबरला झाले, म्हणजे टोळ्या निघण्याच्याच दिवसांत. मत देणाऱ्याला गाळणी लावण्याआधी ज्यांना पोहोचताच येत नाही त्यांचे बघावे, असे मला वाटते.

मग मावशींच्या पाकिटाचे काय? परीक्षेने ते थांबणार नाही. पाकीट घेणाऱ्यांत पदवीवाले नसतात असे कोणी छातीवर हात ठेवून सांगावे. उलट मतदार कमी झाले की पाकिटे कमी लागतात, वाटणाऱ्याचे कामच सोपे होते.

उरला प्रश्न माहितीचा, आणि त्यासाठी नवा कायदा नको. ग्रामसभा वर्षातून किमान 4 व्हायला हव्यात आणि त्याआधी महिलांची सभा वेगळी. गणपूर्तीला गावच्या एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी माणसे पुरतात. होते काय, तर तेवढीही जमत नाहीत. सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. मग दहा-बारा जणांत वर्षाचा आराखडा मंजूर. ग्रामसेवकांना (पदनाम आता ग्रामपंचायत अधिकारी झाले आहे, गाव अजून ग्रामसेवकच म्हणते) विनंती आहे की सभेच्या दिवशी नुसती नोटीस चिकटवू नये. कोणत्या कामाला किती आले, किती गेले, ते फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहावे आणि मोठ्याने वाचून दाखवावे, म्हणजे वाचता न येणाऱ्यालाही कळेल. ई-ग्रामस्वराज पोर्टलवर ग्रामपंचायतीचा जमाखर्च असतो. स्पर्धा परीक्षेवाल्या पोरांनी तो मोबाइलवर काढून पारावर आबांना वाचून दाखवावा. बंधाऱ्याची ओळ आली की पुढचे आबा विचारतील.