सांगोल्याचा लाल बावटा

सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्याने एकच माणूस, एकाच पक्षातर्फे, अकरा वेळा विधानसभेवर पाठवला. भाई गणपतराव देशमुख १९६२ साली पहिल्यांदा आमदार झाले आणि २०१४ साली अकराव्यांदा. महाराष्ट्रात या विक्रमाची बरोबरी कोणी केलेली नाही. मला मात्र विक्रमापेक्षाही मोठं नवल वाटतं ते त्यांच्या पक्षाचं.

हा शेतकरी कामगार पक्ष, म्हणजे शेकाप, १९४७ साली काँग्रेसमधल्याच असंतुष्टांनी काढला. केशवराव जेधे आणि शंकरराव मोरे ही त्यातली मोठी नावं. पुढे दोघंही काँग्रेसमध्ये परतले. पक्षाचा मुलूख आकसत गेला. रायगडात त्याने बराच काळ तग धरला, बाकी ठिकाणी एकेक गड ढासळला. सांगोल्याच्या आसपास पंढरपूर, माळशिरस, माढा हे तालुके. तिथे राजकारण चाललं ते आधी काँग्रेसच्या आणि नंतर राष्ट्रवादीच्या हिशोबाने. मधोमध सांगोल्यात लाल बावटा फडकत राहिला.

हे समजून घ्यायचं तर आधी पाण्याकडे बघावं लागतं. उजनीच्या आणि नीरेच्या पाण्यावर आसपासच्या तालुक्यांत ऊस उभा राहिला, उसावर कारखाने, आणि कारखान्यांवर आमदारक्या. सांगोला माण नदीच्या खोऱ्यातला, पर्जन्यछायेतला तालुका. नदी वर्षातला बराच काळ कोरडी. इथली ओळख ज्वारी-बाजरी, मेंढरं, खिलार जनावरांचा बाजार आणि अलीकडच्या काळात डाळिंब. साखरेच्या जोरावर गावंच्या गावं बांधून ठेवणारी यंत्रणा इथे तेवढी मजबूत झालीच नाही. दुष्काळी कामं, रोजगार हमीची मजुरी, चारा, प्यायचं पाणी हेच इथले निवडणुकीचे विषय, आणि शेकापची मोर्चे-आंदोलनांची पद्धत त्यांना नेमकी लागू पडली. कृष्णेचं पाणी उचलून दुष्काळी तालुक्यांना द्या, ही मागणी क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडींबरोबर गणपतरावांनी आटपाडीच्या पाणी परिषदांमधून वर्षानुवर्षं लावून धरली. टेंभू आणि म्हैसाळ योजनांचं पाणी पुढे या भागाकडे वळलं, त्यामागे हा रेटा होता.

गणपतराव मूळचे मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचे. वकिलीसाठी सांगोल्यात आले आणि तिथलेच झाले. लोक त्यांना आबासाहेब म्हणत. १९७८ च्या आणि १९९९ च्या सरकारांत ते मंत्रीही होते, तरी एसटीने प्रवास करणारा आमदार हीच त्यांची ओळख कायम राहिली. त्यांच्या पुढाकाराने सांगोल्यात शेतकरी सहकारी सूतगिरणी उभी राहिली, तीही कापूस न पिकवणाऱ्या तालुक्यात. राज्यातल्या अनेक सहकारी गिरण्या बुडाल्या, ही चालली. मतदाराला रोज दिसणारं काम म्हणतात ते असं.

जातीचा हिशोब टाळून चालणार नाही. तालुक्यात धनगर समाज मोठा आहे आणि गणपतराव त्याच समाजातले. पण मराठा मतंही इथे भरपूर आहेत, आणि केवळ जातीच्या बेरजेवर कोणी अकरा वेळा निवडून येईल असं मला पटत नाही. त्याचा पुरावा त्यांच्या पराभवांतच आहे. १९७२ साली काँग्रेसच्या काकासाहेब साळुंखे-पाटलांनी त्यांना हरवलं. साळुंखे-पाटलांच्या निधनानंतर १९७४ ची पोटनिवडणूक गणपतरावांनी जिंकली. १९९५ साली काँग्रेसच्या शहाजीबापू पाटलांनी त्यांना अवघ्या १९२ मतांनी पाडलं. चार वर्षांनी त्याच मतदारांनी आबासाहेबांना परत मुंबईला पाठवलं. समाजांची लोकसंख्या चार वर्षांत एवढी बदलत नाही. बदलतं ते लोकांचं मत. सांगोला सगळा लाल कधीच नव्हता. समोरची बाजू तिथे नेहमी तगडी होती, आणि म्हणूनच इथल्या निष्ठेला किंमत आहे.

लोकसभेला चित्र आणखी वेगळं. हा तालुका आधी पंढरपूर आणि २००९ पासून माढा मतदारसंघात येतो, आणि खासदार कधी एका पक्षाचा, कधी दुसऱ्याचा. विधानसभेचं मत आणि दिल्लीचं मत यांची गल्लत सांगोलेकर करत नाही.

२०१९ साली गणपतराव उभे राहिले नाहीत. नातू अनिकेत देशमुख ७६८ मतांनी हरले, आणि जिंकले तेच शहाजीबापू, या वेळी शिवसेनेकडून. तीन वर्षांनी, एकनाथ शिंदेंच्या बंडाच्या वेळी, गुवाहाटीहून केलेल्या त्यांच्या ‘काय झाडी, काय डोंगार’ या फोनमुळे सांगोल्याचं नाव घरोघरी पोहोचलं. दरम्यान ३० जुलै २०२१ ला गणपतराव गेले होते. आता इथला शेकाप संपला, असं अनेकांनी गृहीत धरलं.

२०२४ साली शेकापसमोर दोन्ही शिवसेना होत्या. शिंदे गटाकडून शहाजीबापू, ठाकरे गटाकडून दीपक साळुंखे. महाविकास आघाडीतल्या मित्रपक्षानेच, म्हणजे ठाकरे गटाने, उमेदवार दिल्यामुळे शेकापला एकट्याने लढावं लागलं. तरीही गणपतरावांचे दुसरे नातू, डॉ. बाबासाहेब देशमुख, पंचवीस हजारांहून जास्त मतांनी निवडून आले. त्या निवडणुकीत अख्ख्या महाराष्ट्रातून शेकापचा निवडून आलेला हा एकमेव आमदार.