वेगाचं चलन आलंय? दंड छोटा असतो, उशीर महाग पडतो!



धंद्यासाठी पहिली गाडी घेताना आपण हप्ता, डिझेल, ड्रायव्हरचा पगार असा सगळा हिशेब मांडतो. एक गोष्ट त्यात कधीच नसते, ती म्हणजे वेगमर्यादेचं ई-चलन. मेसेज येतो तेव्हा आपण गिऱ्हाईकात असतो. "नंतर बघू" म्हणतो आणि विसरतो. हे "नंतर" कायद्यात कुठे नेऊन ठेवतं, ते आज बघू.

आधी दंड समजून घ्या

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८३ प्रमाणे वेगमर्यादा ओलांडली तर हलक्या वाहनाला १,००० ते २,००० रुपये आणि मध्यम किंवा जड मालवाहू वाहनाला २,००० ते ४,००० रुपये दंड आहे. तोच गुन्हा दुसऱ्यांदा झाला तर चालकाचं लायसन्स जप्त करायची तरतूद आहे. म्हणजे तुमच्या ड्रायव्हरची रोजीरोटीच अडकली.

आणि मालकांनो, हे नीट वाचा. या कलमात गाडी पळवणारा येतोच, पण हाताखालच्या माणसाला तशी पळवायला लावणाराही येतो. "अर्ध्या तासात माल पोचव, कसाही पोचव" असं फोनवर सांगताना हे आठवा.

उशीर केला की काय होतं?

कॅमेरा गाडीचा नंबर टिपतो. त्यामुळे चलन मालकाच्या नावावर येतं. गाडी कोण चालवत होतं हे पोलिसांनी विचारलं, तर चालकाचं नाव, पत्ता आणि लायसन्सची माहिती देणं कलम १३३ नुसार मालकाचं कर्तव्य आहे. ती दिली नाही तर कलम १८७ लागतं. त्यात सहा महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. गंमत बघा, वेगाच्या गुन्ह्याला कैद नाही, पण माहिती न देण्याला आहे!

आता चार महिन्यांनी कोणी विचारलं की त्या मंगळवारी दुपारी गाडीवर कोण होतं, तर सांगता येईल? तोवर एखादा ड्रायव्हर काम सोडूनही गेलेला असतो.

मुदतीत दंड भरला तर प्रकरण तिथेच मिटतं. नाही भरला तर ते कोर्टात जाऊ शकतं. समन्स येतं. समन्सकडेही दुर्लक्ष केलं तर वॉरंट निघू शकतं. दोन हजारांसाठी दुकान बंद ठेवून कोर्टाच्या तारखेला जाणं परवडेल का? "लोकअदालतीत कमी होईल" म्हणून थांबू नका. तिथे सवलत मिळेलच, असा कुणाचा हक्क नसतो.

चलन चुकीचं वाटतंय?

मग तर गप्प बसूच नका. २०२१ च्या केंद्रीय नियमानुसार कॅमेऱ्यावरून निघालेली नोटीस गुन्हा घडल्यापासून १५ दिवसांत पाठवायची असते. त्यात फोटो, नंबर प्लेट, मोजलेला वेग, तारीख, वेळ आणि ठिकाण असायला हवं. हे सगळं ताडून बघा. फोटोतली गाडी तुमची नसेल तर अधिकृत पोर्टलवर मुदतीत तक्रार नोंदवा आणि तिची प्रत ठेवा. मनातल्या मनात "माझी चूक नाही" म्हणणं म्हणजे उत्तर देणं नव्हे.

आजपासून चार सवयी लावा

१. गाडीच्या नोंदणीला जोडलेला मोबाईल नंबर चालू आहे ना, ते तपासा. जुना नंबर असेल तर मेसेज तुमच्यापर्यंत येणारच नाही.

२. गाडीची वही ठेवा. तारीख, वेळ, ड्रायव्हर, कुठे गेला, आणि खाली त्याची सही. रोजची दोन मिनिटं. प्रत्येक ड्रायव्हरच्या लायसन्सची प्रत त्याच वहीत ठेवा.

३. आठवड्यातला एक वार ठरवा. माझ्या दुकानात सोमवारी सकाळी गल्ला उघडायच्या आधी चलनं तपासतो. चलन असेल तर त्याच दिवशी ड्रायव्हरला फोटो दाखवून बोलतो.

४. व्हॉट्सॲपवर चलनाच्या नावाने आलेली फाईल किंवा लिंक उघडू नका. आधी पत्ता बघा. सरकारी पोर्टलचा पत्ता 'जीओव्ही डॉट इन' ने संपतो.

गाडी विकताना किंवा दुसऱ्याच्या नावावर करताना ही थकलेली चलनं हमखास समोर येतात, आणि नेमकी तेव्हाच आपल्याला घाई असते. म्हणून चलन आलं की दोनच पर्याय ठेवा: बरोबर असेल तर भरा, चूक असेल तर लेखी हरकत घ्या. तिसरा पर्याय, "नंतर बघू", तो आजच वहीतून खोडून टाका.